समोरून मुका, मागून बोलका

विजेच्या उपकेंद्रात सगळ्यांत कमी बोलणारं कोण, असं विचारलं तर लोक ऑपरेटरकडे बोट दाखवतील. रात्रपाळीचा माणूस, जे काही म्हणायचं ते लॉगबुकात लिहून मोकळा. तोंड उघडतो ते चहापुरतं. पण त्याच्यासमोरच्या पॅनेलवर वीतभर उंचीचा जो करडा डबा बसवलेला असतो, त्याच्यापुढे हा ऑपरेटर वाचाळ ठरावा. त्या डब्याला रिले म्हणतात. टेंडरमध्ये त्याचं पूर्ण नाव 'न्यूमेरिकल प्रोटेक्शन रिले'. अकरा केव्हीच्या फीडरवर फांदी पडली, वादळात तारा एकमेकींना भिडल्या किंवा एखादी खार इन्सुलेटरवरून नको तिथे पोचली, की करंट उसळतो. रिले तो मोजतो, दिलेल्या सेटिंगशी ताडून बघतो आणि ब्रेकरला 'उघड' म्हणून सांगतो. फॉल्ट मोठा असेल तर हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. कामाच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नाही.

पण झालं काय, हे समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. बोलायला त्याच्याकडे सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळी, डझनभर दिवे आणि पाच-सहा बटणं. तेवढ्यात काय ते समजून घ्या.

आणि हाच डबा पाठीमागून अखंड बोलत असतो! मागे दोन तारांचा एक पोर्ट, फायबरचा एक, इथरनेटचे एक-दोन, घड्याळाचा वेगळा. तिकडून तो शेजारच्या रिलेला, गेटवेला, पन्नास कोसांवरच्या नियंत्रण केंद्राला सगळं साग्रसंगीत सांगतो: कोणत्या फेजवर, किती अँपिअर, कोणत्या मिलिसेकंदाला. टेस्टिंगच्या नोकरीत अशा डब्यांसमोर उभं राहून माझं ठाम मत झालं आहे की रिलेचा माणसांवर विश्वास नाही. तो यंत्रांत मिसळतो, यंत्रांशी मोकळा होतो. आपल्याशी फक्त ड्युटीपुरतं.

आधीची पिढी अशी नव्हती. ती काचेची होती. इंग्लिश इलेक्ट्रिकचा सीडीजी रिले ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या डोळ्यांसमोर ती काच आत्ताही असेल. आत धातूची तबकडी. लोड सेटिंगच्या वर गेला की ती दबकत दबकत सरकू लागायची, आणि ऑपरेटर लांबूनच ओळखायचा की आज या फीडरचं काही खरं नाही. ट्रिप झाला की आतली रंगीत पट्टी खट्कन खाली. तिला फ्लॅग म्हणायचे. 'फ्लॅग पडला' हे वाक्य आजही चालतं, पडायला फ्लॅग उरला नसला तरी. सेटिंग बदलायचं तर पितळी प्लग एका भोकातून काढून दुसऱ्यात बसवायचा, वेळ बदलायची तर वरची चकती बोटाने फिरवायची. पासवर्ड वगैरे काही नाही. काचेचं कव्हर उघडता येणं हाच अधिकार. आणि कम्युनिकेशन पोर्ट? तो ऑपरेटर स्वतः होता. फ्लॅग वाचायचा, फोन उचलायचा, सांगायचा.

तरी जुन्याच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांत मी नाही. त्या तबकडीत कोळी जाळं करायचा, बेअरिंगमध्ये धूळ बसायची, आणि आपण आजारी आहोत हे त्या रिलेने कधी कोणाला सांगितलं नाही. फॉल्ट आल्या दिवशी तबकडी जागची हलायची नाही, मग मागचा मोठा ब्रेकर उडायचा आणि एका गावाऐवजी अर्धा तालुका अंधारात बसायचा. नवा रिले स्वतःची नाडी स्वतः तपासत असतो. आत काही बिघडलं की 'हेल्दी'चा हिरवा दिवा विझतो. हे उपकार मोठे आहेत. फक्त तो दिवा विझलाय हे बघायला कोणीतरी हवं.

आता त्या दिव्यांविषयी. प्रत्येक दिव्याशेजारी एक पारदर्शक खिसा असतो आणि त्यात कागदाची पट्टी सरकवायची असते. दोन-चार दिवे सोडले तर कोणता दिवा कशासाठी लागणार हे कंपनी ठरवत नाही. ज्याने रिले कमिशन केला त्याच्या मर्जीवर. त्यामुळे चौथा दिवा एका पॅनेलवर अर्थ फॉल्टचा, शेजारच्या पॅनेलवर 'ब्रेकरची स्प्रिंग चार्ज नाही' असा आणि तिसऱ्यावर स्पेअर. पट्टी छापून घ्यायचं काम कमिशनिंगच्या शेवटच्या दिवशी असतं आणि त्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते. म्हणून ती बॉलपेनने लिहिली जाते, दोन पावसाळ्यांत फिकी पडते, आणि त्यानंतर रात्री अडीच वाजता हा संवाद घडतो:

"साहेब, गावठाण फीडर ट्रिप आहे."

"इंडिकेशन काय?"

"लाल लागलाय."

"कितवा?"

"वरून चौथा. वरचा ट्रिपवाला धरला तर पाचवा."

"समोर काय लिहिलंय?"

"समोर काही नाही, पट्टी कोरी आहे."

"बरं, डिस्प्लेवर काय दिसतंय?"

"आय... एन... मग ते गणितातलं तोंड उघडं असलेलं चिन्ह असतं ना साहेब, ते. मग एक."

"म्हणजे अर्थ फॉल्ट. वेळ काय दाखवतोय?"

"वेळ बारा वाजून सतरा मिनिटं. तारीख एक जानेवारी."

"अहो, जून चालू आहे."

"मी काय करू साहेब? एक जानेवारी १९९४."

ऑपरेटर खोटं बोलत नसतो. काही रिलेंच्या घड्याळाचा जन्मच त्या दिवशीचा धरलेला आहे. वेळ कोणी लावली नाही किंवा आतली बॅटरी संपलेली असताना डीसी सप्लाय जाऊन आला, की ते परत तिथून मोजायला लागतात. महाराष्ट्रात अशी कितीतरी पॅनेलं सापडतील जिथे बाहेर पेरण्या चालल्या आहेत आणि आत नव्या वर्षाची पहाट आहे.

दिव्यांच्या रंगांची तर वेगळीच तऱ्हा. आपल्याकडच्या कंट्रोल पॅनेलवर लाल दिवा म्हणजे ब्रेकर बंद केलेला, लाइन चालू. हिरवा म्हणजे ब्रेकर उघडा, लाइन मेलेली. ऑपरेटरची हयात लाल दिव्याकडे बघून निश्चिंत होण्यात गेलेली असते. सगळे लाल तर सगळं छान. त्याच पॅनेलवर, त्याच दिव्याच्या हातभर वर रिले बसवलेला, आणि रिलेवर हिरवा म्हणजे प्रकृती ठीक नि लाल म्हणजे ट्रिप! तेव्हा खाली लाल नि वर हिरवा असला की आनंद, आणि खाली हिरवा नि वर लाल असला की साहेबांना फोन. नवीन पोरगा रुजू झाला की पहिले काही दिवस तो दोन्हीकडे बघून घाबरतो. नंतर कशाकडेच बघून घाबरत नाही, आणि ते जास्त वाईट.

डिस्प्लेच्या दोन ओळींमागे जो मेनू दडलेला असतो तो जुन्या वाड्यातल्या खोल्यांसारखा आहे. माजघरातून कोठीत जायचं असेल तर मधलं दार नाही. परत ओसरीवर या, उजवीकडे सरका, मग आत उतरा. बाण उजवीकडे: सिस्टिम डेटा. आणखी उजवीकडे: रेकॉर्ड. खाली, खाली, खाली. फॉल्ट क्रमांक शून्य, म्हणजे सगळ्यांत ताजा (यंत्रांची मोजणी शून्यापासून, माणसांची एकापासून, आणि या फरकापायी कितीदा आदल्या फॉल्टचा रिपोर्ट पुढे गेला असेल ते देवाला ठाऊक). आणखी खाली गेल्यावर कुठे 'आय-ए इतके अँपिअर' दिसतं. मध्येच फोन वाजला, आपण तो घेतला, दोन गोष्टी बोललो, की डबा मुकाट्याने पहिल्या पानावर परत. पुन्हा ओसरीपासून सुरुवात.

बघायचं असेल तर एवढं. बदलायचं असेल तर पासवर्ड. आणि पासवर्ड टाकायला कीबोर्ड नाही, तेच चार बाण. एकेका अक्षरासाठी वरचा बाण दाबत बसायचं. 'एम' आणायला बारा वेळा, चुकून पुढे गेलात की परत मागे. ज्या कोणी मायकॉम रिलेचा कारखान्यातला पासवर्ड चार वेळा 'ए' असा ठेवला, त्याने पॅनेलसमोर उभं राहून काम केलेलं असणार असा मला दाट संशय आहे. 'ए' पहिलं अक्षर. बाण दाबायचाच नाही. सिमेन्सच्या सिप्रोटेकने सहा शून्यं ठेवली. अमेरिकेतल्या श्वाइट्झर कंपनीची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. एडमंड श्वाइट्झर यांनी १९८२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन या गावात ती काढली आणि १९८४ मध्ये पहिला डिजिटल रिले विकला, तो मिनेसोटातल्या ओटर टेल नावाच्या वीज कंपनीला. पुढे त्यांच्या रिलेंना कारखान्यातून निघताना दोन पातळ्यांचे दोन पासवर्ड असायचे: पहिला 'ओटर', दुसरा 'टेल'. पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव इतकी वर्षं, इतक्या देशांत, इतक्या लोकांच्या तोंडी ठेवणारा दुसरा दुकानदार माझ्या पाहण्यात नाही.

हे पासवर्ड बदलायचे असतात, असं प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेलं असतं. काही लोक बदलतातही. मग नवा पासवर्ड विसरू नये म्हणून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतात. दाराला कुलूप असतं. किल्ली दाराच्याच हँडलला सुतळीने बांधलेली असते.

बाणांना कंटाळलेला माणूस शेवटी समोरच्या पोर्टकडे वळतो. रिलेच्या तोंडावर, बहुधा एका छोट्या झाकणामागे, नऊ पिनांचं एक सॉकेट असतं. ते ज्या आरएस-२३२ प्रमाणाने चालतं ते मूळचं १९६० चं, टेलिप्रिंटर नि मोडेम यांच्यासाठी काढलेलं. नऊपैकी कामाच्या पिना तीन: दुसरी, तिसरी, पाचवी. पाचवी सामाईक. संगणक तिसरीवर बोलतो आणि दुसरीवर ऐकतो. आता समोरचा रिलेही तिसरीवर बोलणारा आणि दुसरीवर ऐकणारा निघाला, तर सरळ केबल लावून भागत नाही. दोघेही एकाच तारेवर बोलतात, दोघेही दुसऱ्या तारेवर कान लावून बसतात, आणि समोरचा काहीच कसं म्हणत नाही याचं दोघांना नवल वाटतं. संसार मोडायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. अशा ठिकाणी केबलच्या आत दुसरी-तिसरी तार उलटवावी लागते. तिला क्रॉस केबल म्हणतात. श्वाइट्झरच्या रिलेला क्रॉस लागते, मायकॉमला सरळ. दोन्ही केबली बाहेरून हुबेहूब. रंग तोच, लांबी तीच, टोकं तीच. ओळखायची एकच रीत: लावून बघायची, बोलला नाही तर दुसरी.

पण ही झाली दोन पैलवानांची गोष्ट. कुठल्या रिलेला पुढे गोल पोर्ट, कुठल्याला प्रिंटरला असतो तसला चौकोनी यूएसबी, कुठल्याला जुन्या कॅमेऱ्यातला मिनी यूएसबी, कुठल्याला इथरनेटचं आरजे-४५, आणि एका जातीला तर काचेवर चुंबकाने चिकटवायचा, उजेडाने बोलणारा वाचक. टेस्टिंगच्या माणसाची बॅग उघडली तर मल्टिमीटर शोधायला वेळ लागेल, केबली आपणहून बाहेर येतील. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड नसता तर राज्यातल्या निम्म्या रिलेंशी बोलणं खुंटलं असतं. तिथल्या दुकानदारांना 'नऊ पिन, एक बाजू नर, एक बाजू मादी, क्रॉस' एवढं म्हटलं की ते न बघता मागच्या फळीवरून काढून देतात, आणि 'कोणत्या कंपनीचा रिले?' असं वर विचारतात.

केबल मिळाली तर लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्ट नाही. तो लॅपटॉपवरून गायब होऊन जमाना झाला. म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर. कन्व्हर्टर लावला की विंडोज त्याला एक नंबर बहाल करते, समजा कॉम-१७, आणि काही जुनी सॉफ्टवेअरं चारच्या पुढे मोजतच नाहीत. मग नंबर बदलायचा. नंबर बदलायला अॅडमिनचे अधिकार लागतात, ते मुख्यालयातल्या आयटी विभागाकडे. कन्व्हर्टर स्वस्तातला असेल तर आतली चिप नकली असण्याचीही शक्यता. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप कंपनीने विंडोजमार्फत असा ड्रायव्हर पाठवला की जगभरातल्या तिच्या नकली चिपा एका झटक्यात मुक्या झाल्या. नकली काय नि असली काय, पॅनेलसमोर शटडाउन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याचं काय! लोकांनी एवढी ओरड केली की कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

या सगळ्यावरचा उतारा प्रत्येक टेस्टिंग विभागात एका कपाटात असतो. विंडोज एक्सपीवर चालणारा, नऊ पिनांचा खराखुरा पोर्ट असलेला जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी मेलेली, बिजागरीला चिकटपट्टी, 'ई'चं बटण नखाने दाबावं लागतं. त्याचा सांभाळ साहेबांच्या गाडीपेक्षा जास्त होतो. बॅटरी नसल्याने तो सतत प्लगला लावून ठेवावा लागतो, आणि कंट्रोल रूममधला चालू प्लग नेमका दुसऱ्या टोकाला, ऑपरेटरच्या टेबलाखाली, जिथे त्याच्या मोबाइलचा चार्जर आहे. तो काढायला सांगणं हा वेगळा वाटाघाटीचा विषय.

इथरनेट आल्यावर हे सगळं संपेल असं वाटलं होतं. केबल एकच, टोकं एकसारखी. पण मग पत्ते आले. एबीबीच्या ६१५ मालिकेचा समोरचा पोर्ट कारखान्यातून येतो तो १९२.१६८.०.२५४ या पत्त्यावर, आणि त्याच घराण्यातली ६७० मालिका राहते १०.१.१५०.३ वर. लॅपटॉपला त्याच गल्लीतला नंबर घेतल्याशिवाय दार उघडत नाही. काही रिले तो नंबर आपणहून देतात. बाकीच्यांसाठी तो हाताने बदलायचा, आणि काम झाल्यावर परत पूर्ववत करायचा. हे शेवटचं काम कोणी करत नाही; म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात 'नेट चालत नाही' ही तक्रार.

आता मागच्या बाजूला या. पॅनेलचं मागचं दार उघडलं की खरा रिले भेटतो. आरएस-४८५ च्या दोन तारा एका रिलेवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशा माळेने गेलेल्या. एकाच जोडीवर बत्तीस जण बसू शकतात, बाराशे मीटरपर्यंत. बोलायची शिस्त कडक: विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, आणि विचारलं की आपला पत्ता असेल त्यानेच उत्तर द्यायचं. दोघांचा पत्ता चुकून एकच ठेवला गेला तर दोघे एकदम उत्तर देतात आणि विचारणाऱ्याला काहीच कळत नाही. दोन तारांना 'ए' आणि 'बी' म्हणतात. पण कोणती 'ए' यावर कंपन्यांचं आजतागायत एकमत नाही. एकाचा 'ए' दुसऱ्याचा 'बी'. चाललं नाही तर तारांची अदलाबदल करायची, हा या शास्त्रातला पहिला आणि बहुधा शेवटचा नियम. माळेच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा असतो, नाहीतर शब्द टोकाला आपटून परत येतात. तो लावलेला मिळाला तर आधी येऊन गेलेल्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करावा.

तरी ही जुनी तऱ्हा. आयईसी ६१८५० हे प्रमाण २००२ पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि रिलेंना एकमेकांशी थेट बोलायची मुभा मिळाली. त्यातला 'गूस' नावाचा निरोप ट्रिपसाठी तीन मिलिसेकंदांत पोचायला हवा असं प्रमाण सांगतं. निरोप पाठवणारा पोचपावतीची वाट बघत नाही. तो तोच निरोप पुन्हा पाठवतो, मग थोडं थांबून पुन्हा, मग जरा जास्त थांबून पुन्हा. आणि काही घडलेलं नसलं तरी 'अजून काही नाही, अजून काही नाही' असं ठरावीक काळाने सांगत राहतो. हे कळलं तेव्हा मला त्या समोरच्या दोन ओळींचा खरा राग आला. शेजारच्या पॅनेलला काहीही घडलेलं नसताना दिवसरात्र खुशाली कळवणारा हा प्राणी, आणि माझ्यासमोर 'आयएन' नि तोंड उघडं चिन्ह!

मागेच एक बीएनसीचं सॉकेट असतं, घड्याळासाठी. त्यात येणाऱ्या सिग्नलला आयरिग-बी म्हणतात. अमेरिकेत क्षेपणास्त्रांच्या चाचणीतळांवरची घड्याळं जुळवायला जे प्रमाण बसवलं ते हे. आज ते उपग्रहावरून वेळ घेणाऱ्या यंत्रामार्फत रिलेला मिलिसेकंदापर्यंत अचूक वेळ देतं. छोट्या उपकेंद्रांत या सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं टोपण कारखान्यातून आलं तसंच असतं. कोणी म्हणेल, वेळेचं एवढं काय? १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. कोणता ब्रेकर आधी पडला नि कोणता नंतर हे लावताना तपास करणाऱ्यांचं डोकं उठलं, कारण ठिकठिकाणच्या नोंदींची घड्याळं एकमेकांशी जुळलेली नव्हती. आधी काय झालं हेच ठरत नसेल तर दोष कोणाच्या गळ्यात घालायचा? आणि वीज खात्यात यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न नाही.

पोर्ट म्हटलं की दार, आणि दार म्हटलं की चोर. डिसेंबर २०१६ मध्ये युक्रेनच्या राजधानीजवळच्या ३३० केव्ही उपकेंद्रात हल्लेखोरांनी याच कम्युनिकेशनच्या वाटेने शिरून ब्रेकर उघडले. त्यांच्या प्रोग्रामचा एक तुकडा खास रिलेंसाठी होता: इथरनेटच्या पोर्टवर एक वाकडा संदेश पाठवायचा, की सिप्रोटेक रिले जागच्या जागी गोठेल आणि हाताने चालू केल्याशिवाय उठणार नाही. तो तुकडा चालला नाही. अभ्यासकांना पुढे आढळलं की त्यात रिलेंचे पत्ते उलट्या क्रमाने लिहिले गेले होते. बातमी गंभीर आहे, मान्य. पण ती वाचून माझ्यासारख्या कित्येकांच्या चेहऱ्यावर हसू आलं असेल. एवढी तयारी, एवढी अक्कल, आणि शेवटी अडकले कुठे, तर आयपी पत्त्यावर! आमच्यातलेच निघाले.

वापरात नसलेले पोर्ट सॉफ्टवेअरमधून बंद करून ठेवावेत असं आता सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे. तूर्त आमच्याकडच्या बऱ्याच पोर्टांचं रक्षण धूळ करते.

राहिलं ते एक बटण. कुठे त्यावर 'सी' लिहिलेलं असतं, कुठे 'रिसेट'. हे मात्र प्रत्येक ऑपरेटरला पाठ असतं. ते कुठे आहे हे त्याला अंधारातही सापडतं. ट्रिप झाला, बझर कोकलायला लागला, गावातून फोन सुरू झाले, की आधी बझर बंद, मग रिसेट, मग ट्रायल चार्ज, मग रजिस्टर. रजिस्टरमध्ये 'ट्रिप ऑन ओसी/ईएफ, चार्ज ओके'. ओव्हरकरंट की अर्थ फॉल्ट, ते एकदाच लिहून टाकलं. दोन्हींपैकी काहीतरी असणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. फोनवर शिव्या तो खातो, आणि लाइट येण्यात दिव्याचा नंबर मदत करत नाही. पण डब्याच्या पोटात सगळं असतं. किती अँपिअर, कोणती फेज, आधीच्या आणि नंतरच्या करंटची लहर न् लहर. शेवटचे काही फॉल्ट तो जपून ठेवतो, नवे आले की जुने पुसतो. पावसाळ्यात रोज ट्रिप होणाऱ्या फीडरवर आठवडाभरात कोणी केबल घेऊन गेलं नाही, तर त्या रात्री काय झालं ते कायमचं गेलं. लाइनमन मग पंधरा किलोमीटर लाइन पायी तुडवतो, कारण नेमकं कुठे बघायचं याचा अंदाज ज्या आकड्यांवरून बांधता आला असता ते कोणी उतरवूनच घेतले नाहीत.

तेव्हा रिले बनवणाऱ्यांना माझं सांगणं: पाठीमागे हवे तेवढे पोर्ट द्या, समोर दोनाच्या चार ओळी करा. आणि त्यावर 'आर फेजला अर्थ फॉल्ट, अमुक अँपिअर' असं सरळ वाचता येऊ द्या. मराठीत दिलंत तर आणखी बरं. कमिशनिंग करणाऱ्यांनी घरी जाण्याआधी पट्टी छापून घालावी. ऑपरेटरभाऊंना विनंती एवढीच की 'सी' दाबण्याआधी खिशातला मोबाइल काढून डिस्प्लेचा आणि दिव्यांचा एक फोटो घ्या. दोन सेकंदांत होतो, आणि साहेबांना तोंड उघडं चिन्ह समजावून सांगायला लागत नाही.

आणि घाटाखालच्या आमच्या ३३ केव्ही उपकेंद्रातून, दोन नंबरच्या पॅनेलच्या आत हुकला टांगलेली नऊ पिनांची करडी केबल ज्यांनी कोणी 'आत्ता आणून देतो' म्हणून नेली आहे, त्यांनी ती कृपा करून परत टांगावी. ती क्रॉस आहे. तुमच्याकडच्या मायकॉमला ती चालणार नाही.